स्वादुपिंडाच्या नलिकेतले खडे: दुर्बिणीच्या उपचारात काय बिघडतं आणि का

पित्तनलिकेतला खडा दुर्बिणीतून काढणं हे आता नेहमीचं काम झालं आहे. त्यामुळे स्वादुपिंडाच्या नलिकेतला खडाही तसाच निघेल असं रुग्णांना वाटतं, आणि कधी कधी उपचार करणाऱ्यांनाही. बऱ्याच गुंतागुंतींचं मूळ याच समजुतीत सापडतं. पित्तनलिका रुंद असते, बऱ्यापैकी सरळ असते, ताण सोसते. तिच्यातले बरेचसे खडे दुर्बिणीतून नेलेल्या तारांच्या जाळीत आवळले की चुरडतात. स्वादुपिंडाची मुख्य नलिका निरोगी माणसात डोक्याच्या भागात ३ ते ४ मिलिमीटर, मधल्या भागात २ ते ३ आणि शेपटीकडे १ ते २ मिलिमीटर एवढीच असते. जुनाट स्वादुपिंडदाहात ती फुगते खरी, पण फुगते ती अडथळ्याच्या मागे. अडथळ्यापासून आतड्याच्या तोंडापर्यंतचा भाग तसाच अरुंद राहतो, किंवा व्रण धरून आणखी आवळतो. त्यातला खडा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे कडक. त्याला टोकं असतात आणि तो अनेकदा भिंतीत किंवा उपनलिकेच्या तोंडाशी रुतलेला असतो. रुंद जागेतला कडक खडा अरुंद वाटेने ओढायचा, अशी ही स्थिती आहे.

म्हणून या उपचाराचा हेतू आधीच नीट ठरवून घ्यावा लागतो. खडा हे एक कारण आहे. दुखण्याच्या मुळाशी अडलेला पाचकरस, नलिकेत वाढलेला दाब आणि वर्षानुवर्षांच्या दाहाने बिघडलेल्या मज्जातंतू असतात. दुर्बिणीने यातल्या पहिल्या दोन गोष्टींवरच इलाज होतो. मुख्य नलिका वाहती झाली की काम झालं. उपनलिकांमधले खडे, ग्रंथीच्या मांसात विखुरलेले कॅल्शियमचे ठिपके, शेपटीच्या टोकातला एखादा कण यांच्या मागे लागू नये. एक्स-रे स्वच्छ दिसावा म्हणून केलेली प्रत्येक जादा ओढाताण रुग्णाच्या नलिकेवर होते.

पहिलं काम सीटी स्कॅन नीट वाचण्याचं. खड्यांची संख्या, आकार आणि जागा तर पाहायचीच, पण नजर इतर चार गोष्टींवरही हवी. खड्याच्या अलीकडे, म्हणजे आतड्याच्या तोंडाकडच्या बाजूला, नलिका आवळली आहे का? असेल तर खडा फोडूनही तुकडे बाहेर पडणार नाहीत. जवळपास स्यूडोसिस्ट, म्हणजे दाहातून साठलेल्या द्रवाची पिशवी आहे का? तिच्यात जंतुसंसर्ग शिरू शकतो. प्लीहेच्या किंवा गॅस्ट्रोड्युओडिनल धमनीवर स्यूडोअॅन्युरिझम, म्हणजे फुगवटा आहे का? असल्यास तो आधी बंद केल्याशिवाय दुर्बीणही नको आणि शॉकवेव्ह, म्हणजे शरीराबाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडणं, हेही नको. त्यासाठी सीटीमध्ये धमनीच्या टप्प्यातली चित्रं घेतलेली असावी लागतात. साध्या सीटीत हा फुगवटा सहज निसटतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे गाठ. जुनाट स्वादुपिंडदाहाच्या रुग्णाचं दुखणं अचानक बदललं, वजन उतरू लागलं किंवा कावीळ झाली, तर खड्यांवर सगळा दोष टाकण्याआधी कर्करोग नाही याची खात्री करावी. खडे दिसतात म्हणून गाठीकडे दुर्लक्ष होणं ही या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती तर दुर्बीण हातात घेण्याआधीच घडून गेलेली असते.

५ मिलिमीटरची रेघ

मुख्य नलिकेतले ५ मिलिमीटरपेक्षा मोठे, क्ष-किरणांत दिसणारे, डोक्याच्या किंवा मधल्या भागात अडकलेले खडे आधी बाहेरून शॉकवेव्हने फोडायचे आणि मग गरज असेल तरच ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून आतड्यात नेलेल्या दुर्बिणीतून नलिकेत शिरून, तुकडे काढायचे, हा क्रम युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितला आहे. ५ मिलिमीटरच्या आतले, सुटे, संख्येने थोडे आणि तोंडाजवळचे खडे थेट ईआरसीपीने काढता येतात. ही रेघ ओलांडून मोठा खडा थेट जाळीत धरणं हे पुढच्या बऱ्याच अनर्थांचं पहिलं पाऊल असतं.

स्वादुपिंडातल्या खड्यावर शॉकवेव्ह वापरल्याची नोंद १९८७ सालापासूनची आहे. आज बऱ्याच केंद्रांत एका बैठकीत ५,००० ते ६,००० धक्के, मिनिटाला सुमारे ९० या वेगाने दिले जातात. खडा ३ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांत फुटेपर्यंत बैठका चालतात, बहुधा लागोपाठच्या दिवशी. सीटीवर घनता कमी दिसणारा खडा लवकर फुटतो. क्ष-किरणांत न दिसणारा खडा असेल तर नलिकेत नाकावाटे नळी ठेवून, रंगद्रव्य सोडून त्याची जागा दाखवावी लागते. रुग्ण हलला किंवा श्वासाबरोबर खडा नेमाच्या बाहेर गेला, तर धक्के शेजारच्या अवयवांवर जातात. म्हणून भूल नीट असणं हा केवळ सोईचा प्रश्न नाही.

शॉकवेव्हनंतर त्वचेवर लाल ठिपके, थोडं दुखणं, लघवीत थोडं रक्त या गोष्टी आपोआप जातात. गुंतागुंत म्हणावी अशा पाच गोष्टी आहेत: दाह, जंतुसंसर्ग, रक्तस्राव, छिद्र आणि तुकड्यांची कोंडी. मोठ्या केंद्रांच्या मालिकांमध्ये हे सगळं मिळून ६ ते ७ टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे, आणि त्यात दाह सर्वांत जास्त. प्लीहा, यकृत किंवा मूत्रपिंडाभोवती रक्ताची गाठ होणं दुर्मीळ आहे, पण बैठकीनंतर डाव्या कुशीत किंवा डाव्या खांद्यात दुखू लागलं आणि नाडी वाढत गेली तर सोनोग्राफीवर न थांबता सीटी करावा.

कोंडीबद्दल थोडं सविस्तर. खडा फुटला, पण वाट अरुंदच राहिली तर तुकडे नलिकेच्या शेवटच्या भागात ओळीने अडकतात. आधी अर्धवट अडलेली नलिका आता पूर्ण बंद होते. दुखणं वाढतं, ॲमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडाची एन्झाइम्स रक्तात चढतात. तुकडा पॅपिलाच्या, म्हणजे नलिका आतड्यात उघडते त्या उंचवट्याच्या, तोंडाशी, पित्तनलिका जिथे येऊन मिळते तिथे बसला तर बिलिरुबिनही वाढतं आणि थंडी वाजून ताप येतो. अशा वेळी वाट पाहण्यात अर्थ नसतो. तातडीने ईआरसीपी करून तोंड कापायचं, तुकडे बाहेर घ्यायचे आणि स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, घालायचा. स्टेंट पुढे सरकत नसेल तर अडकलेल्या तुकड्यांवर पुन्हा शॉकवेव्ह देता येते. ज्या रुग्णाच्या सीटीत खड्याच्या अलीकडे आवळ दिसत होता, त्याच्यात ही कोंडी होणार हे आधीच ओळखता येतं. म्हणून शॉकवेव्हची तारीख ठरवतानाच ईआरसीपीची तयारीही ठेवायची असते.

तार, काप आणि दाह

ईआरसीपीमध्ये बाजूला पाहणारी दुर्बीण आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत नेतात, पॅपिलातून ०.०२५ किंवा ०.०३५ इंचाची मार्गदर्शक तार स्वादुपिंडाच्या नलिकेत सरकवतात, थोडं रंगद्रव्य सोडतात, मग स्नायूचं तोंड कापतात. ऐकायला हे चार टप्पे सोपे वाटतात, पण प्रत्येक टप्प्याची आपापली इजा असते.

तार मुख्य नलिकेऐवजी उपनलिकेत शिरली आणि तशीच पुढे रेटली, तर ती ग्रंथीच्या मांसात घुसते. खड्याशी अडलेली तार वळसा घेऊन पुढे गेली तर ठीक, पण टोकाने टोचत राहिली तर भिंतीखाली खोटी वाट तयार होते. पडद्यावर तार सरळ रेषेत न जाता कडेला पंख्यासारखी पसरताना दिसली की थांबायचं. रंगद्रव्याचंही तसंच. अडलेल्या नलिकेत ते जोराने भरलं की उपनलिका आणि ग्रंथीचं मांस भरून येतं, दाब वाढतो, आणि आत सोडलेलं रंगद्रव्य बाहेर यायला वाट नसेल तर संसर्गाला जागा मिळते. जेवढं दिसायला लागतं तेवढंच सोडायचं, आणि ज्या भागात रंगद्रव्य गेलं तो भाग निचरा केल्याशिवाय सोडायचा नाही.

ईआरसीपीनंतरचा स्वादुपिंडदाह ही सर्वांना माहीत असलेली गुंतागुंत. एकूण ईआरसीपींमध्ये तिचं प्रमाण साधारणपणे ३ ते १० टक्के सांगितलं जातं. जुनाट, कॅल्शियम साठलेल्या स्वादुपिंडात ते कमी असतं, कारण पाचकरस बनवणाऱ्या पेशीच बऱ्याचशा नष्ट झालेल्या असतात. मात्र याचा दुसरा अर्थ असा की अशा रुग्णात दाह झाला तरी ॲमायलेज, लायपेज तिपटीपर्यंत चढेलच असं नाही. अहवाल ठीक, पण रुग्ण कण्हतो आहे, पोट ताठरलं आहे, नाडी ११० आहे. इथे अहवालावर नाही, रुग्णावर विश्वास ठेवायचा. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, खडे थोडे आणि ग्रंथी बऱ्यापैकी शाबूत असलेल्या तरुण रुग्णाला हे संरक्षण मिळत नाही. त्याचा दाह पूर्ण ताकदीने येतो.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत आणि तरीही विसरले जातात. ईआरसीपीच्या लगेच आधी गुदद्वारातून १०० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन द्यायचं. मूत्रपिंड कमकुवत असेल, पोटात ताजा अल्सर असेल, या औषधांची ॲलर्जी असेल किंवा गर्भारपणाचे ३० आठवडे उलटले असतील तर नाही. शॉकवेव्हच्या आधी इंडोमेथासिन दिल्यानेही दाह कमी होतो, हे २०२२ मधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं आहे. ही औषधं देता येत नसतील तर रिंगर्स लॅक्टेट या शिरेतून देण्याच्या सलाईनचा भरपूर मारा करायचा: प्रक्रियेदरम्यान ताशी किलोमागे ३ मिलिलिटर, संपल्यावर एकदम किलोमागे २० मिलिलिटर, आणि पुढचे ८ तास पुन्हा ताशी किलोमागे ३ मिलिलिटर. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या माणसाला एवढं पाणी फुफ्फुसात उतरू शकतं, म्हणून हे आकडे डोळे मिटून वापरायचे नाहीत.

कापातून होणारा रक्तस्राव लगेच दिसू शकतो किंवा एक-दोन आठवड्यांनी. पित्तनलिकेच्या कापापेक्षा इथे एक अडचण जास्त आहे. रक्त थांबवायला १:१०,००० ॲड्रिनॅलिन टोचलं तर सूज येते, आणि ती सूज स्वादुपिंडाचंच तोंड बंद करते. क्लिप चुकीच्या जागी बसली तरी तेच. म्हणून आधी नलिकेत तार किंवा स्टेंट, मग टोचणं किंवा क्लिप, हा क्रम पाळावा लागतो. याने थांबलं नाही तर अँजिओग्राफी करून धमनी बंद करणं हा पुढचा टप्पा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवणं, वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, १.५ च्या खाली आणणं ही नेहमीची पद्धत. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच करावी.

कापामुळे आलेली सूज शेजारच्या पित्तनलिकेलाही अडवू शकते. आधीच पित्तनलिका फुगलेली असेल किंवा पित्ताच्या संसर्गाची लक्षणं असतील, तर तिचा कापही त्याच वेळी करून घेणं शहाणपणाचं. आणि उशिराची गोष्ट: स्वादुपिंडाचा काप काही महिन्यांनी व्रण धरून पुन्हा आकसू शकतो. जुनं दुखणं परत आलं की नवा खडा शोधण्याआधी तोंड पाहावं.

अडकलेली जाळी

ही गुंतागुंत पित्तनलिकेचं काम करणाऱ्यांना फसवते. जाळी, म्हणजे बास्केट, खड्याभोवती उघडायची, खडा आत घ्यायचा, आवळायचा आणि ओढायचा. पित्तनलिकेत खडा बाहेर येत नसेल तर यांत्रिक लिथोट्रिप्टरने तो जाळीतच चिरडता येतो. स्वादुपिंडात तो चिरडत नाही. तारा खड्याच्या खाचांत रुततात, जाळी उघडत नाही, सुटत नाही, आणि अरुंद भागातून बाहेरही येत नाही. जोर वाढवला तर तार तुटते, कधी हँडलपाशी, कधी थेट नलिकेत. अनेक केंद्रांच्या एकत्रित अनुभवात यांत्रिक लिथोट्रिप्सीच्या अशा तांत्रिक गुंतागुंती पित्तनलिकेपेक्षा स्वादुपिंडात सुमारे तिप्पट आढळल्या आहेत.

हे टाळण्याचे काही नियम आहेत. तोंडाकडचा खडा आधी काढायचा. शेपटीकडचा खडा धरून ओढला तर तो पुढच्या खड्यांवर आदळतो आणि सगळेच पाचरीसारखे बसतात. खड्याची रुंदी आणि त्याच्या पुढच्या वाटेची रुंदी पडद्यावर दुर्बिणीच्या जाडीशी ताडून पाहायची. खडा वाटेपेक्षा मोठा असेल तर जाळी आत नेऊच नये. आवळ असेल तर आधी ४ ते ६ मिलिमीटरच्या बलूनने तो रुंद करायचा, आणि तेही नलिकेच्या खालच्या भागाच्या रुंदीपेक्षा जास्त नाही, नाहीतर नलिका फाटते. कणांसाठी आणि चुऱ्यासाठी बलून चांगला, पण टोकदार खड्यावर तो फुटतो. खडा रुतलेला असेल तर जाळी त्याच्याभोवती उघडायला जागाच नसते. तिथे ओढाताण न करता स्टेंट टाकून बाहेर पडायचं आणि शॉकवेव्हसाठी परत यायचं. एकाच बैठकीत सगळं उरकण्याचा आग्रह इथे सोडावा लागतो.

तरीही अडकली तर? पहिली गोष्ट म्हणजे ओढणं थांबवायचं. खडा जाळीसकट मागे, फुगलेल्या भागात ढकलून जाळी उघडून पाहायची. बऱ्याचदा तिथे खडा सुटतो. काप थोडा वाढवता येत असेल तर वाढवायचा. नाही जमलं तर जाळीचं हँडल कापून, दुर्बीण बाहेर काढून, तारेवरून सोहेंड्रा पद्धतीची धातूची नळी खड्यापर्यंत नेता येते आणि बाहेरून चक्र फिरवून आवळता येतं. मात्र स्वादुपिंडात हा जोर नलिकेच्या भिंतीवरही येतो, त्यामुळे तो शेवटच्या पर्यायांत ठेवलेला बरा. त्यापेक्षा सुरक्षित मार्ग म्हणजे जाळी तशीच ठेवून, रुग्णाला भूल देऊन शॉकवेव्ह द्यायची: तारा क्ष-किरणांत स्पष्ट दिसतात, नेम बरोबर लागतो, आणि खडा फुटला की जाळी मोकळी होते. बारीक दुर्बिणीतून विजेच्या किंवा लेझरच्या साहाय्याने खडा फोडणं हाही पर्याय आहे. या सगळ्यांत अपयश आलं तर शस्त्रक्रिया. म्हणून स्वादुपिंडाचं मोठं काम तिथेच करावं जिथे शॉकवेव्ह यंत्र आणि स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन एकाच छताखाली आहेत.

बारीक दुर्बिणीबद्दल आलंच आहे तर तिच्या मर्यादा. ती साधारण ३.५ मिलिमीटर जाडीची, म्हणजे नलिका बऱ्यापैकी रुंद असल्याशिवाय आत जात नाही. फोडणारं टोक खड्याला तोंड करून, भिंतीपासून दूर धरावं लागतं. भिंतीला लागलं तर छिद्र. पाहण्यासाठी आणि ठिणगी पडण्यासाठी सलाईन सतत सोडावं लागतं, आणि बंद नलिकेत सोडलेलं सलाईन दाब वाढवतं. अधूनमधून शोषून घेणं हा इथला कळीचा भाग आहे.

छिद्र

छिद्र कुठे पडलं यावर पुढचं सगळं ठरतं. स्टॅप्फर यांच्या २००० सालच्या वर्गीकरणात चार प्रकार आहेत. दुर्बिणीच्या दांड्याने आतड्याच्या भिंतीला पडलेलं मोठं भोक हा पहिला प्रकार सर्वांत धोकादायक. ते तिथल्या तिथे मोठ्या क्लिपने बंद झालं नाही तर शस्त्रक्रियाच लागते. कापाच्या रेषेत पडलेलं दुसऱ्या प्रकारचं छिद्र, तार किंवा जाळीने नलिकेला पडलेलं तिसऱ्या प्रकारचं, आणि फक्त पोटाच्या मागच्या पोकळीत हवा दिसणं हा चौथा प्रकार. यांतले अनेक रुग्ण स्टेंट, नाकातून नळी, उपाशी ठेवणं आणि प्रतिजैविकं यांवर सावरतात. मात्र त्यासाठी निदान त्याच दिवशी झालेलं असावं लागतं. प्रक्रियेनंतर पाठीत आरपार दुखणं, मानेच्या किंवा छातीच्या कातडीखाली दाबल्यावर चुरचुर जाणवणं, ताप, ही लक्षणं दिसली की रंगद्रव्य देऊन सीटी. दाह असेल म्हणून रात्र काढणं हीच बहुधा नंतर पश्चात्तापाची जागा ठरते. आतड्यात फुगवण्यासाठी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो लवकर शोषला जातो आणि गळती झाली तरी ताण कमी पडतो.

स्टेंट: आठवड्यांनी आणि महिन्यांनी येणाऱ्या अडचणी

प्रक्रियेच्या दिवशीच्या गुंतागुंतींवर सगळ्यांचं लक्ष असतं. स्टेंटच्या अडचणी रुग्ण घरी गेल्यावर येतात, आणि म्हणून त्या दुर्लक्षित राहतात. स्टेंटची जाडी फ्रेंच एककात मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. दाह टाळण्यासाठी ठेवलेला ५ फ्रेंचचा छोटा स्टेंट बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप गळून जातो, पण गेला का हे एक्स-रेने पाहावं लागतं. तो राहिला तर काढायचा. आवळ उघडा ठेवण्यासाठी घातलेला स्टेंट जाड, बहुधा १० फ्रेंचचा असतो. तो एकूण वर्षभर, मधे बदलत राहून ठेवायचा असतो. काही केंद्रं दर ३ महिन्यांनी बदलतात, काही लक्षणं आली की.

प्लास्टिकचा स्टेंट आतून बंद होतो, कारण पाचकरसातली प्रथिनं, कॅल्शियम आणि जंतू यांचा थर त्यात साचतो. बंद झालेल्या स्टेंटने दुखणं, दाह आणि ताप परत येतो. विसरलेल्या स्टेंटवर नवे खडे जमतात आणि तो खड्यासकट अडकून बसतो. त्याच्या मागे पू साठू शकतो. स्टेंट बाहेर सरकून आतड्यात पडला तर फार काही होत नाही, क्वचित समोरच्या भिंतीला टोचतो. आत सरकला तर मोठी अडचण, कारण नलिका शेपटीकडे वाकते आणि स्टेंटचं टोक पकडायला उरत नाही. तो काढण्यासाठी बलून शेजारून नेऊन फुगवून ओढणं, बारीक चिमटा, जाळी, किंवा स्टेंटच्या पोकळीत तार घालून सोहेंड्रा रिट्रीव्हर स्क्रूसारखा बसवून ओढणं, हे प्रकार वापरतात. तोंडाकडे वळलेलं टोक असलेला, म्हणजे पिगटेल स्टेंट आत सरकण्याची शक्यता कमी असते.

आणखी एक इजा कमी बोलली जाते. स्टेंट ज्या भागात भिंतीला घासतो किंवा उपनलिकांची तोंडं बंद करतो, तिथे नलिकेत नवे बदल होतात, कधी नवा आवळही. निरोगी नलिकेत ठेवलेल्या स्टेंटमध्ये हे जास्त गंभीर. गरज नसताना स्टेंट न ठेवणं आणि ठेवलेला वेळेवर काढणं, एवढंच आपल्या हातात असतं. पूर्ण आच्छादित धातूचे स्टेंट आवळ लवकर उघडतात, पण ते सरकतात, दुखतात आणि त्यांच्या आतल्या टोकाशी नवा आवळ करू शकतात.

घरी जाताना रुग्णाच्या कागदावर स्टेंटचा प्रकार, जाडी, लांबी, घातल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख असायलाच हवी. नातेवाइकांनी ही पाच उत्तरं मागून घ्यावीत. पुढच्या दोन आठवड्यांत काळी किंवा लाल शौच, चक्कर, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, किंवा नेहमीच्या दुखण्यापेक्षा वेगळं, पाठीत घुसणारं दुखणं यांपैकी काहीही झालं तर ज्या ठिकाणी प्रक्रिया झाली तिथे लगेच जावं. काळी शौच महिन्यांनी आली, मधेच दुखणं येऊन नंतर रक्त गेलं, असं वारंवार झालं तर स्यूडोअॅन्युरिझममधून नलिकेत होणारा रक्तस्राव आठवायला हवा. साध्या एन्डोस्कोपीत तो बऱ्याचदा दिसत नाही, सीटी अँजिओग्राफीत दिसतो.

कुठे थांबायचं

दुर्बिणीच्या उपचाराचा उपयोग झाला का, हे ६ ते ८ आठवड्यांनी बघायचं असतं. तोवर दुखण्यात समाधानकारक फरक नसेल तर पुढची ईआरसीपी आपोआप ठरू नये. सर्जनला सोबत घेऊन पुन्हा विचार व्हावा. नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या चाचणीत दोन वर्षांच्या शेवटी पूर्ण किंवा अंशतः आराम शस्त्रक्रियेच्या गटात ७५ टक्क्यांना होता आणि दुर्बिणीच्या गटात ३२ टक्क्यांना. त्याच देशातल्या ८८ रुग्णांच्या २०२० सालच्या ईस्केप चाचणीतही लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचं दुखणं सरासरीने कमी राहिलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, शॅम, म्हणजे खरा उपचार न करता केलेल्या नाटकी प्रक्रियेशी तुलना करणाऱ्या चाचणीत शॉकवेव्ह आणि ईआरसीपीचा फायदा १२ आठवड्यांना थोडा दिसला, पण २४ आठवड्यांपर्यंत टिकला नाही.

हे वाचून दुर्बिणीचा उपचार निरुपयोगी ठरवणं चूक होईल. डोक्याच्या भागात एक-दोन खडे, मागे फुगलेली नलिका, आवळ नाही, दुखणं फार जुनं नाही, अशा रुग्णाला पोट न उघडता वर्षानुवर्षांचा आराम मिळू शकतो. त्याउलट डोक्यात मोठी सूज, लांब आवळ, डोक्यापासून शेपटीपर्यंत खडे, त्यात रोजच्या मॉर्फिनसारख्या गोळ्या, अशा रुग्णात दर तीन महिन्यांनी स्टेंट बदलत राहणं म्हणजे वर लिहिलेल्या प्रत्येक धोक्याची शक्यता पुन्हा पुन्हा उघडणं. मद्य आणि तंबाखू चालू राहिली तर आजार पुढे सरकतच राहतो आणि काढलेल्या खड्यांच्या जागी नवे येतात, आणि खडे गेले तरी मधुमेह किंवा एन्झाइमची कमतरता बहुधा भरून येत नाही. इन्सुलिन आणि एन्झाइमच्या कॅप्सूल चालूच ठेवाव्या लागतात. सर्जनला भेटायला जाताना पहिला सीटी, प्रत्येक ईआरसीपीची चित्रं आणि स्टेंटच्या तारखा सोबत न्याव्यात. नलिका किती रुंद होती आणि आवळ कुठे होता, हे त्यांना उपचार सुरू होण्याआधीच्या चित्रांतच सर्वांत नीट दिसतं.